माक्याला कापूस नसतो

आषाढ लागला की अंजनाबाईंचा उजवा तळहात काळा व्हायचा आणि दिवाळीपर्यंत काळाच राहायचा. साबणानं जात नसे, राखेनं जात नसे. आमच्या भजनी मंडळातल्या यामिनीताई एकदा त्यांना म्हणाल्या, "अंजनाबाई, एक दिवस लिंबू चोळून पाहा ना." तर त्या म्हणाल्या, "काहून? काम केल्याची सही आहे ते. तुमच्या साहेबांच्या सहीले कोणी लिंबू लावते का?"

तो काळेपणा माक्याचा. ओल्या जागी, धानाच्या बांधावर उगवणारं वीतभर रोप, शर्टाच्या बटणाएवढं पांढरं फूल. पान तळहातावर चोळलं की हिरवा रस येतो आणि बघता बघता काळा पडतो. अंजनाबाईंच्या आईच्या हातावर याच रसानं गोंदलेला विंचू होता म्हणे, म्हातारी मेली तोपर्यंत तो तसाच होता.

अंजनाबाई रामटेके. माहेर तुमसरकडचं, सातवी पास. भैय्यालाल रामटेक्यांशी लग्न होऊन रायपूरला आल्या, कारण भैय्यालाल उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. भैय्यालाल गेले तेव्हा मुलगा प्रशिक बारावीत होता. त्यानंतर या बाईनं भाजीची टोपली डोक्यावर घेतली. अभनपूरकडच्या शेतांतून भाजी आणायची, आमच्या तात्यापाऱ्यात, रायपूरच्या मराठी वस्तीत, दारोदार विकायची. टोपलीच्या एका कडेला ओल्या फडक्यात पाला बांधलेला असायचा. तो विकायचा नसायचा. ज्याला लागेल त्याला.

माझी आणि त्यांची ओळख पितृपक्षातली. त्याला आता तेवीस वर्षं झाली. सासऱ्यांचं श्राद्ध होतं आणि आमच्याकडे श्राद्धाला माका लागतोच. मी सकाळी उठून रेल्वे लाइनच्या बाजूनं जाऊन मूठभर पाला तोडून आणला होता, पांढुरकं-पिवळं फूल पाहून. दारात भाजी घेताना अंजनाबाईंची नजर माझ्या ताटावर गेली.

"बाई, हे कशाले तोडलं?"

"श्राद्ध आहे. माका आहे तो."

"माका नाही ते. कंबरमोडी आहे." त्यांनी एक काडी उचलली. "हा पाहा दांडा, केवढा लांब, एकटा. आन् फूल पिकलं का म्हातारीच्या कापसासारखा कापूस उडते. माक्याले कापूस नसते. लक्षात ठेवाले सोपं आहे." मग फडक्यातून खरा माका काढून माझ्या हातावर चोळला. माझा तळवा काळा झाला. "आमच्यात श्राद्ध-बिद्ध नसते, मेला तो गेला. पण तुमच्या सासऱ्याले चुकीचा पाला कशाले द्यायचा? आधीच सुनेवर नाराज असतीन."

सासरे खरंच माझ्यावर नाराज असत. मला हसू आलं. गुरुजी यायच्या आधी मी कंबरमोडी बाहेर फेकली.

तेव्हापासून दर भाद्रपदात गणपतीच्या पत्रीतला माका आणि पंधरवड्यातला माका त्यांच्याच हातचा. मी एकदा त्यांना सांगितलं की वनस्पती तोडायच्या आदल्या संध्याकाळी पिवळे तांदूळ ठेवून तिला निमंत्रण द्यावं, आमच्या आजीची रीत होती. त्या म्हणाल्या, "तुमचे तांदूळ तुमच्याजवळ. मी रोपाले नाही विचारत, बांधाच्या मालकाले विचारते." पण रीत त्यांचीही होती. तीन रोपांतलं एक घ्यायचं. फुलावर आलेलं सोडून द्यायचं. आणि जे दिलं ते चोळून दाखवूनच द्यायचं. मी मात्र त्यांना कधी चोळायला लावलं नाही. त्यांनी दिला म्हणजे माकाच.

पहिली दोन वर्षं मी त्यांना चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात देत होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. तो पेला मोरीच्या वरच्या फळीवर असायचा. एक दिवस अंजनाबाईंनी चहा पिऊन पेला स्वतः घासला आणि सरळ मांडणीत बाकीच्या पेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. मीही तो परत फळीवर नेला नाही.

दुसऱ्याच वर्षी शेखरच्या टाचेत काच गेली. शेखर माझा मुलगा, तेव्हा आठ वर्षांचा. गच्चीवर पतंग काटताना फुटक्या बाटलीवर पाय पडला आणि जिन्यावरून खालपर्यंत रक्ताचे ठिपके. त्याचे बाबा, शालिग्राम, ऑफिसात. मी फडकं धरून रडत होते. अंजनाबाई टोपली टाकून धावल्या, समोरच्या पडक्या भिंतीच्या कडेची कंबरमोडी ओरबाडून आणली, तळहातावर चुरली आणि रस जखमेत पिळला. शेखर किंचाळला. "बोंबल, बोंबल," त्या म्हणाल्या. "बोंबलणाऱ्याचं रक्त लवकर थांबते." आणि खरोखर थोड्या वेळात थांबलं. मग मला म्हणाल्या, "आता दवाखान्यात न्या. सुई लावून घ्या. पाला रक्त थांबवते, काचेची घाण नाही काढत."

शेखरनं तेव्हा विचारलं होतं, "मौशी, ये वही है जो काला होता है?"

"नाही रे पोट्ट्या. काळा होते तो माका, तो डोक्याचा. ही कंबरमोडी, ही घावाची. दोघींचं काम वेगळं. हिला डोक्याले लावशीन तर काय होईन, अन् तिला घावाले लावशीन तर काय होईन?"

"क्या होगा?"

"काही नाही होनार. तेच तर."

शेखर खूप हसला होता. ती खूण अजून त्याच्या टाचेवर आहे, पांढरी, चंद्रकोरीसारखी.

उरल्यात, त्या राहत त्या वस्तीत, त्यांचं नाव या कंबरमोडीवरच होतं. पत्र्यानं बोट कापलं, लोखंडी पट्टीनं नडगी सोलली की शिफ्ट सुटल्यावर मजूर त्यांच्या दारात येऊन बसत. कुणी बिहारचा, कुणी महासमुंदकडचा. सगळे त्यांना दाई, म्हणजे आई, म्हणत. त्या पाला पिळत, चिंधी बांधत आणि दवाखान्यात जायला दम देत. कावीळ झालेल्याला मात्र हात लावत नसत. "माह्या आईनं माक्याचा रस ताकात देऊन बरे केले म्हणते, असतीन केले. मी आधी रक्त तपासाले सांगते." लोक म्हणत, दाईच्या हाताला गुण आहे. हा एक शब्द त्यांना फार प्रिय होता. भैय्यालाल गेले, घर भाड्याचं राहिलं, प्रशिकला पक्की नोकरी लागली नाही. पण हाताला गुण आहे, हे त्यांचं स्वतःचं होतं.

मी रोज दुपारी देवाचं आटोपलं की वही लिहिते. तिथी, काय रांधलं, कोण आलं, काय बोललं. लग्न झाल्यापासूनची सवय. माझ्या आईनं सांगितलं होतं, दिवसाचं देवापुढे मांडून ठेवावं, म्हणजे रात्री झोप लागते. अंजनाबाई चहा पिताना वहीकडे मान करून विचारत, "आज माह्यं काय लिहिलं?" मी वाचून दाखवायचे: 'अंजनाबाई आल्या. लाल भाजी, चेच भाजी. नात दीक्षा पहिली आली म्हणून पेढा दिला.' त्या खूश होत. "बरं आहे. आमचं बी कोठं तरी लिहून राहते."

गेल्या वर्षीच्या श्रावणात शेखरची मोबाइल कंपनीतली नोकरी गेली. तीन आठवडे घरात बसून राहिला. मग एक दिवस अंजनाबाई आमच्याच लोखंडी कढईत माझ्यासाठी माक्याचं तेल काढत होत्या. ताजा रस आणि तिळाचं तेल, मंद आचेवर. पाणी सगळं आटलं की नाही हे पाहायला त्या माझ्या देवघरातली कापसाची वात तेलात बुडवून पेटवत. वात तडतडली तर कच्चं, शांत जळली तर झालं. शेखर दारात उभा राहून मोबाइलवर ते सगळं घेत होता. दोन दिवसांत ते नेटवर कितीतरी लोकांनी पाहिलं म्हणे. आठवड्यानं तो लेबल छापून घेऊन आला. अंजनाबाईंचा हसरा फोटो, काळा तळहात समोर धरलेला, आणि खाली 'अंजना दादी का भृंगराज तेल'. भृंगराज म्हणजे माकाच.

अंजनाबाईंनी लेबल लांब धरून पाहिलं. "दादी काहून? मौशी होती ना मी?"

"दादी बिकता है, मौशी नहीं बिकता," शेखर म्हणाला.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "हे पाय, शेखर. पैशाचं तू पाहून घे, मले त्यातलं समजत नाही. पण ज्या शिशीवर माह्यं तोंड, त्या शिशीत माह्या हातचा माका पाह्यजे. नाही तर तोंड काढ."

"पक्का दादी. प्रॉमिस."

हे माझ्यासमोर झालं. मी ते लिहून ठेवलं.

भाद्रपद-आश्विन दोघांनी खूप काम केलं. अंजनाबाई रोज पाला आणत, वात पेटवून बघत, मग बाटल्या भरत. आमच्या मंडळातल्या बायकांनी घेतल्या, त्यांच्या बहिणींनी घेतल्या, दुर्गला गेल्या, नागपूरला गेल्या. शेखरच्या चेहऱ्यावर परत तेज आलं. मी गजाननाला नारळ फोडला.

कार्तिकात अंजनाबाई रिकाम्या हातानं आल्या. "बांधावरचा माका संपला बाई. नाल्यात आहे थोडा, पण त्या नाल्यात कायचं कायचं पानी येते. तो मी कोनाच्या डोक्याले लावू नाही देनार. आता आषाढात."

शेखर म्हणाला, "ठीक है दादी. रुक जाते हैं."

त्या निश्चिंत होऊन गेल्या.

पौषात मी संक्रांतीची सफाई काढली. मागच्या खोलीत तीन पोती होती. एकाचं तोंड सैल होतं. मी ते बाजूला सारलं तर आतून कापूस उडाला. बारीक, पांढरा, हलका. खोलीभर झाला, दारातून देवघरात गेला, समईच्या तेलात पडला, बाळकृष्णाच्या खांद्यावर बसला. मी तिथेच उभी राहिले. पोत्यात हात घातला तर लांब लांब वाळके दांडे हाताला लागले.

शेखर आल्यावर मी विचारलं, "हे काय आहे?"

"भृंगराज है मम्मी. अभनपूर के एक आदमी से मंगाया."

"माक्याला कापूस नसतो शेखर."

"अरे, दोनों एक ही खानदान के हैं. नेट पे देख लो. सूरजमुखी, गेंदा, ये, वो, सब एक फॅमिली."

"मग त्या बाटलीत झेंडू भर."

तो चिडला. "ऑर्डर बंद कर दूँ? लोग आषाढ तक रुकते हैं क्या?" तो खाटेवर पाय वर घेऊन बसला होता. त्याची टाच माझ्याकडे होती. ती पांढरी चंद्रकोर मला दिसत होती. ज्या मुलाच्या पायात ते पिळलं होतं, ज्यानं त्या दिवशी दोन्हींचा फरक विचारून घेतला होता, तो मला सांगत होता की दोन्ही एकच.

मी शालिग्रामांना सांगितलं. ते म्हणाले, "पोराचा धंदा आत्ता कोठं बसून राहिला. पालाच आहे ना, विष तर नाही? घरातली गोष्ट घरात राहू दे. तू आपली पोथी वाच."

मी देव धुतले आणि पोथी वाचली. आणि रोजच्यासारखं वहीत लिहिलं.

चार दिवसांनी अंजनाबाई तिळगूळ घ्यायला आल्या. त्या दरवर्षी येत. खोक्यातल्या भरलेल्या बाटल्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. "तेल अजून आहे का हो?"

मी वाटीत तिळगूळ भरत होते. म्हणाले, "हो. पहिलंच पुरून राहिलं."

"बरंच काढलं होतं म्हना आपन," त्या म्हणाल्या आणि चहाचा पेला मांडणीतून स्वतः घेतला.

फाल्गुनात बोभाटा झाला. यामिनीताईंच्या मुलीच्या, पायलच्या डोक्याला खाज सुटली, मग पुरळ आलं. आणखी दोघींचं तेल आंबल्यासारखा वास मारू लागलं. कशानं झालं ते मला सांगता येणार नाही. पाल्यानं, की शेखरनं वात न पेटवता घाईनं बाटल्या भरल्या म्हणून. मंडळाच्या ग्रुपवर यामिनीताईंनी पायलच्या डोक्याचा फोटो टाकला. तेलाच्या ऑर्डरी घ्यायला शेखरही त्या ग्रुपवर होता. खाली त्यानं लिहिलं: "आंटीजी, सॉरी. पत्ती अंजना दादी ही लाती हैं. उनसे बात कर रहे हैं."

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग बायकांची उत्तरं येऊ लागली. एकीनं लिहिलं, आजकाल कोणाचा भरवसा नाही. एकीनं लिहिलं, कुठल्या नाल्यातून आणतात कोण जाणे. एकीनं लिहिलं, आपण आपल्या लोकांकडूनच घ्यायला हवं होतं. त्या शेवटच्या ओळीवर पाच जणींनी अंगठे दिले. मी फोन उलटा ठेवून वाती वळत बसले.

त्या आठवड्यात तात्यापाऱ्यात अंजनाबाईंची भाजी कुणी घेतली नाही. यामिनीताईंनी तर दार अर्धं उघडून लावून घेतलं. असं का, ते अंजनाबाईंना कुणी सांगितलं नाही. ग्रुपवरचं फिरत फिरत नात दीक्षाच्या मोबाइलवर आलं, तिनं त्यांना वाचून दाखवलं. तोवर बाटलीवरचा फोटो उरल्यातही फिरला होता. पंजा कापलेला एक मजूर त्यांच्या दारापर्यंत आला आणि त्याचा साथीदार म्हणाला, "चल ना, दाई के पत्ता में अब गुन नइ हे." दोघं उंबऱ्यावरून परत गेले.

हे सगळं त्यांनी मला माझ्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून सांगितलं. रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. "पोट्ट्यानं मले काहून ओढलं त्यात, मले समजत नाही. पन त्याच्याशी भांडाले नाही आली मी. तुमच्याकडे आली. तुमच्या वहीत सारं असते. कार्तिकात मी म्हटलं होतं ना, माका संपला म्हनून? ते लिहिलं आहे ना?"

"आहे."

"मंग ते त्या बायांसमोर वाचून दाखवा. बस. मले दुसरं काही नाही पाह्यजे. कार्तिकानंतर मी एक काडी दिली नाही, एवढं."

"वाचते," मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. फाल्गुन असल्यामुळे त्यांचा तळवा स्वच्छ होता.

शालिग्राम दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेखर म्हणाला, "पढ़ लो. पर सिर्फ वही वाला. आगे का मत पढ़ना." म्हणजे आईची वही त्यानंही कधीतरी चाळलेली होती.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू यामिनीताईंकडे होतं. गौर झोपाळ्यात बसवलेली, समोर कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्हं. वीस-बावीस बायका. अंजनाबाई दारात आल्या तशी कुजबुज थांबली. यामिनीताईंची सून सवयीनं करंडा घेऊन पुढं झाली आणि मध्येच अडखळली. अंजनाबाई म्हणाल्या, "राहू दे पोरी. मले कुंकू नाही पाह्यजे. मले वही पाह्यजे." आणि भिंतीला टेकून बसल्या.

मी वही उघडली. वाचलं: 'कार्तिक वद्य दशमी. वांग्याची भाजी, ताक. अंजनाबाई आल्या. बांधावरचा माका संपला, आता आषाढात म्हणाल्या. शेखर थांबतो म्हणाला.'

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पायलची आई म्हणून यामिनीताईंनीच विचारलं, आणि विचारायला नको होतं असं मी म्हणू शकत नाही. "मग त्यानंतरचं तेल शेखरनं कशाचं काढलं, विनोदिनीताई?"

माझं बोट पौषाच्या पानात होतं. मी वही मिटली. बोट आतच राहिलं.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. गौरीसमोर.

अंजनाबाई भिंतीपासून उठल्या, माझ्याजवळ आल्या, हात पुढे केला. "द्या इकडे."

मी दिली. का दिली, कोण जाणे. तेवीस वर्षं त्यांनी कधी ती हातात घेतली नव्हती, नेहमी मीच वाचून दाखवायचे. त्यांनी माझं बोट होतं तेच पान उघडलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वही लांब धरली. सातवी पास बाई, एकेक शब्द सुटा करून वाचत होती.

"'पौष शुद्ध... पंचमी. सफाई. मागच्या खोलीत... तीन पोती. माका नाही, कंबरमोडी. कापूस देवांवर बसला. देव धुतले. ह्यांना सांगितलं. घरातली गोष्ट... घरात राहू दे म्हणाले.'"

कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. यामिनीताई खाली बसल्या. मला वाटलं आता त्या थांबतील. त्यांचं काम झालं होतं, त्यांचं नाव मोकळं झालं होतं. पण त्यांची नजर त्याच पानावर खाली गेली. तिथे त्यांचं नाव होतं.

"'पौष शुद्ध नवमी. अंजनाबाई आल्या. तिळगूळ, चहा. तेलाचं विचारलं. पहिलंच... पुरून राहिलं, असं सांगितलं.'"

ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली, मनातल्या मनात. ओठ हलत होते. मग वही मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"झालं ना?" त्या बायकांना म्हणाल्या. "माह्या हातचं नव्हतं." मग माझ्याकडे पाहिलं. "अक्षर छान आहे तुमचं."

पन्ह्याचा पेला तसाच ठेवून त्या गेल्या. मी मागं गेले नाही. यामिनीताईंच्या घरातून आमच्या घरापर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात, त्या दिवशी मला ती वाट सापडेना.

शेखरनं चूक कबूल केली नाही. त्यानं लेबलावरचा फोटो तेवढा काढला. आता बाटलीवर नेटवरून घेतलेली दुसरीच एक म्हातारी आहे, पांढऱ्या केसांची, कुठली कोण जाणे. नाव तेवढं राहिलं आहे, अंजना दादी. मी म्हटलं नाव काढ. तो म्हणाला, "अंजना नाम किसी का भी हो सकता है, मम्मी." त्याच्या ताटात मी जेवण वाढते. तो जेवतो. टाच दिसली की मी दुसरीकडे बघते.

अंजनाबाई तात्यापाऱ्यात परत आल्या नाहीत. बायका आता त्यांचं नाव हळहळून घेतात, फार चांगली बाई होती म्हणतात, जसं काही त्या वारल्याच. आषाढ आला, गेला. गणपतीला मी बाजारातली तयार पत्री आणली. त्यातला माका चोळला तर हिरवाच राहिला. तो मी वाहिला नाही. एकवीसच्या वीस झाल्या.

पंधरवडा लागला तेव्हा मात्र राहवलं नाही. ऑटो करून उरल्याला गेले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. ट्रकांच्या धुळीनं पदर नाकाला लावला होता. त्यांचं घर विचारावं लागलं नाही, दारात चार मजूर बसलेले दिसले. अंजनाबाई एका तरुणाच्या बोटावर कंबरमोडी पिळत होत्या. "दुखते का? दुखू दे. अन् इथून सीधा दवाखाना, समझा?"

"हव दाई," तो म्हणाला.

त्यांनी मला पाहिलं. आश्चर्य दाखवलं नाही. "पितरपाटा लागला, नाही का," म्हणाल्या. आत गेल्या, ओलं फडकं घेऊन आल्या. त्यातून सात काड्या मोजून माझ्यासमोर ठेवल्या. माका होता. मला लांबूनही ओळखता येत होता, समोरासमोर निमुळती पानं, फूल एकही नाही. आणि त्यांचा तळहात काळा होता.

मी उचलायला हात पुढे केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "चोळून पाहा आधी."

"अंजनाबाई, मला काय गरज आहे? तुमच्या हातचा आहे."

"एकेका काडीचं एकेक पान. सातही. इथं, माह्यासमोर."

मजूर बघत होते. त्यांनी मला बसायला पाट दिला नाही, चहा विचारला नाही. मी दारातल्या पायरीवर बसले आणि पहिल्या काडीचं पान तोडून तळहातावर चोळलं. हिरवा रस आला, मग काळा पडला. मी वर पाहिलं. त्यांनी मान हलवली, पुढचं. दुसरं पान. तिसरं. मला काहीतरी बोलायचं होतं, ऑटोत सगळं जुळवून आणलं होतं. चौथं. पाचवं. माझा सगळा तळवा काळा झाला, बोटांच्या पेरांपर्यंत, आणि त्या प्रत्येक पानाला वाकून बघत होत्या, जसं काही मी विकायला आलेली अनोळखी बाई आहे.

सातवं पान काळं पडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता न्या. अन् वहीत लिहा. तिथी टाकून. चोळून दिला म्हना."

आणि पुढच्या माणसाचं बोट हातात घेतलं.